शिल्लक टाकणारें घर
(नभोवाणीवरून झालेलें भाषण)

महिना संपला कीं विजेचें बिल दाराशीं येतें. घरांतील कर्ता मनुष्य तें उघडून प्रथम युनिटांचा आंकडा पाहतो. आंकडा मागच्या महिन्यापेक्षां मोठा असला, तर पंख्यांवरून, दिव्यांवरून आणि विशेषतः वातानुकूलन यंत्रावरून घरांत थोडी चर्चा होते, व चार दिवसांनीं ती विसरलीहि जाते. घर म्हटलें कीं त्याला खर्च हा असावयाचाच, अशी आपली समजूत आहे. स्वतःचें पोट भरून वर चार पैसे शिल्लक टाकावे, ही अपेक्षा आपण दुकानाकडून करतों, शेताकडून करतों; राहत्या घराकडून ती कोणी करीत नाहीं.

परंतु गेल्या तीस-पस्तीस वर्षांत जगाच्या पाठीवर कांहीं घरें अशीं उभीं राहिलीं आहेत कीं, वर्षाअखेर त्यांच्या ऊर्जेचा हिशेब मांडला असतां खर्चापेक्षां जमेचीच बाजू मोठी भरते. हीं घरें उन्हापासून स्वतःपुरती वीज निर्माण करतात आणि उरलेली वीज शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या उपयोगासाठीं गांवच्या तारांत सोडतात. जर्मन भाषेंत अशा घराला 'प्लुस-एनर्जी-हाउस' म्हणतात. आपण त्याला शिल्लक टाकणारें घर म्हणूं. तें कोणा एका शोधकाच्या डोक्यांतून एकाएकीं निघालेलें नाहीं. त्याच्या पाठीमागें कांहीं फसलेले प्रयोग आहेत, एका खेड्याचें भांडण आहे आणि एक कायदाहि आहे. ती सर्व हकीकत आज आपणांस थोडक्यांत निवेदन करावयाची आहे.

घर आणि सूर्य यांचें नातें तसें फार जुनें आहे. इ. स. पूर्वीच्या चौथ्या शतकांत झेनोफन या ग्रीक ग्रंथकारानें आपला गुरु सॉक्रेटीस याच्या आठवणी लिहून ठेविल्या. त्यांत सुंदर घर कोणतें याचा विचार करतांना सॉक्रेटीस सांगतो कीं, जें हिंवाळ्यांत ऊबदार आणि उन्हाळ्यांत थंड असतें, तेंच राहण्यास गोड व तेंच सुंदर. त्यासाठीं घराचें तोंड दक्षिणेस असावें. म्हणजे हिंवाळ्यांतला खालून जाणारा सूर्य ओसरीवरून आंतपर्यंत पोहोंचतो, आणि उन्हाळ्यांत तोच सूर्य माथ्यावरून जात असल्यामुळें छपराची सावली मिळते. आपल्याकडे दक्षिणेला दार असलेलें घर सहसा कोणी पसंत करीत नाहीं. परंतु थंड मुलुखांतल्या घराची सारी पुढील विद्या या दक्षिणेकडच्या खिडकींतूनच आंत आली, हें लक्षांत ठेविलें पाहिजे.

ऊन घरांत घेणें ही एक गोष्ट झाली; त्याच्याकडून काम करून घेणें ही दुसरी. मुंबईकर श्रोत्यांना ऐकून नवल वाटेल कीं, या दुसऱ्या गोष्टीचा एक आरंभीचा प्रयोग कुलाब्यास झालेला आहे. विल्यम ॲडम्स नांवाच्या एका इंग्रज अधिकाऱ्यानें तेथें सपाट आरशांची अर्धवर्तुळाकार मांडणी करून त्यांचें ऊन एका बाष्पपात्रावर एकवटलें, आणि त्या वाफेवर अडीच अश्वशक्तीचा पंप चालवून दाखविला. उष्ण देशांत जळणाऐवजीं ऊन वापरावें, हें प्रतिपादणारें त्याचें पुस्तक १८७८ सालीं प्रसिद्ध झालें. पण तो काळ कोळशाचा होता. उन्हाला किंमत पडत नसली तरी आरशांना पडते, आणि कोळसा तर बंदरांत येऊन पडलेला होता. त्यामुळें ती गोष्ट तेथेंच थांबली.

राहत्या घराला उन्हावर चालविण्याचा शास्त्रशुद्ध प्रयत्न त्यानंतर साठ वर्षांनीं अमेरिकेंत झाला. मॅसॅच्युसेट्स येथील विख्यात तंत्रविद्यालयांत हॉइट हॉटल या प्राध्यापकाच्या देखरेखीखालीं १९३९ सालीं एक लहानसें घर बांधण्यांत आलें. छपरावर काचेखालीं तापणारे धातूचे पत्रे आणि तळघरांत पाण्याची एक प्रचंड टांकी, अशी त्याची रचना होती. उन्हाळ्यांत तापविलेलें पाणी हिंवाळ्यापर्यंत गरम ठेवावयाचें, हा त्यांतला बेत. आपल्या आजीबाई पावसाळ्याची बेगमी उन्हाळ्यांत करून ठेवीत. तसाच हा उन्हाचा सांठा. बेत सिद्धीस गेला, घर हिंवाळाभर ऊबदार राहिलें. परंतु हिशेब मांडला तेव्हां टांकीच्या खर्चांत पुष्कळ वर्षांचें जळण विकत घेतां आलें असतें असें दिसून आलें.

त्याच प्रांतांतील डोव्हर या गांवीं १९४८ सालीं दुसरें एक घर झालें. तें तीन स्त्रियांनीं मिळून उभें केलें, म्हणूनहि तें स्मरणीय आहे. हंगेरींत जन्मलेल्या शास्त्रज्ञ मारिया टेल्केस यांची कल्पना, एलिनॉर रेमंड यांचा आराखडा, आणि शिल्पकार अमेलिया पीबॉडी यांचा पैसा. टेल्केसबाईंनीं पाण्याऐवजीं ग्लॉबरचें मीठ वापरलें. आपलें तूप जसें उन्हांत पातळ होतें व गारठ्यांत थिजतें, तसें हें मीठ सुमारें ३२ अंश उष्णतेला वितळतें. वितळतांना तें पुष्कळ उष्णता पोटांत घेतें आणि थिजतांना ती परत देतें. थोड्या जागेंत अधिक उष्णता सांठविण्याची ही युक्ति मोठी नामी होती. पहिले दोन हिंवाळे त्या घरांत राहणाऱ्या कुटुंबाचे बरे गेले. पुढें मात्र वारंवार वितळून त्या मिठाचे थर वेगळे होऊं लागले, त्याची शक्ति क्षीण झाली, आणि तिसऱ्या हिंवाळ्यांत तो प्रयोग गुंडाळण्याची पाळी आली.

ही दोन्ही घरें फसलीं असें कोणी म्हणेल. वस्तुतः त्यांनीं एक अमोल धडा दिला. ऊन मिळविणें सोपें आहे, पण एका ऋतूचें ऊन दुसऱ्या ऋतूपर्यंत जपून ठेवणें अतिशय महाग आहे, हा तो धडा होय. तो शिकण्यास मात्र जगाला आणखी बरींच वर्षें लागलीं.

मध्यंतरीं १९५४ सालीं अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत चेपिन, फुलर आणि पिअरसन या तिघांनीं सिलिकॉनचा सौरघट तयार केला. त्यावर पडलेल्या ऊनापैकीं शेंकडा ६ भाग विजेच्या रूपानें परत मिळे. आजवर उन्हापासून उष्णता मिळत होती. आतां सरळ वीज मिळूं लागली. परंतु ती इतकी महाग पडे कीं, पहिलें मोठें गिऱ्हाईक लाभलें तें आकाशांत सोडलेल्या उपग्रहांचें. घराच्या छपरापर्यंत ती उतरण्यास पुढें कित्येक वर्षें जावीं लागलीं.

१९७३ च्या ऑक्टोबरांत पश्चिम आशियांत युद्ध पेटलें, अरब राष्ट्रांनीं तेलाचा पुरवठा आखडता घेतला, आणि कांहीं महिन्यांत तेलाची किंमत चौपट झाली. थंड देशांतील घरें तेल जाळून ऊब मिळवीत. तेथील गृहस्थांना त्या हिंवाळ्यांत प्रथमच कळलें कीं, आपली चूल दुसऱ्याच्या हातांत आहे. त्याच धक्क्यांतून दोन घरें जन्मास आलीं, आणि शिल्लक टाकणाऱ्या घराचा खरा पाया त्यांनींच घातला.

पहिलें घर डेन्मार्कमधील तंत्रविद्यापीठाच्या आवारांत, कोपनहेगनजवळ, व्हाग्न कोर्सगार्ड या प्राध्यापकानें १९७५ सालीं आपल्या सहकाऱ्यांसह उभें केलें. त्यालाच 'शून्य-ऊर्जा घर' असें नांव मिळालें. त्याला ४२ चौरस मीटर उष्णताग्राही पत्रे आणि ३० घनमीटर पाण्याची टांकी होती. पण त्याहूनहि महत्त्वाची गोष्ट म्हणजे भिंतींत व छपरांत दाबून भरलेलें हातभर जाडीचें उष्णतारोधक अस्तर. दुसरें घर कॅनडांतील रेजायना शहरीं १९७७ सालीं झालें. तेथें हिंवाळ्यांत पारा शून्याखालीं तीस-चाळीस अंशांपर्यंत उतरतो. अशा ठिकाणीं या घराला भट्टीच नव्हती. भिंती दुहेरी व जाड केल्या, फटी न् फटी बुजविल्या, आणि आंतली हवा बाहेर टाकतांना तिची उष्णता बाहेरून येणाऱ्या थंड हवेला देणारें एक साधें यंत्र बसविलें. या घरावरहि सूर्याची उष्णता गोळा करणारी एक खर्चिक योजना होती. अनुभवांतीं असें आढळून आलें कीं, ती योजना कटकटीची व महाग. खरें काम केलें तें अस्तरानें आणि बुजविलेल्या फटींनीं.

घागर गळकी असली तर विहिरीवर कितीहि खेपा घाला, घरांत पाणी टिकत नाहीं. प्रथम छिद्र बुजवावें, मग खेपा मोजाव्या. रेजायनाच्या घरानें हीच गोष्ट सिद्ध केली. ज्याला जमेची बाजू मोठी करावयाची आहे त्यानें आधीं खर्चाची बाजू लहान केली पाहिजे. या सूत्राचा पुढें पूर्ण विचार केला तो जर्मनींतील वोल्फगांग फाइस्ट आणि स्वीडनचे प्राध्यापक बू आदमसन या दोघांनीं. १९९१ सालीं डार्मस्टाट शहराच्या क्रानिखस्टाइन भागांत त्यांच्या तत्त्वांवर चार जोडघरांची एक ओळ बांधून झाली. ऊब राखण्यासाठीं वर्षाला दर चौरस मीटरमागें १५ युनिटांपेक्षां अधिक ऊर्जा लागूं नये, अशी मर्यादा या पद्धतीनें घालून दिली. त्या काळच्या साधारण घरांच्या मानानें हा खर्च दशांशाच्या आसपास होता. घरांतील माणसांच्या अंगची ऊब, स्वयंपाकाची ऊब, खिडकींतून येणारें ऊन, एवढ्यावरच त्या घरांचें बरेंचसें भागे.

येथवर घर काटकसरी झालें. तें देतें कसें झालें, हें पाहण्यासाठीं आपणांस जर्मनीच्या नैर्ऋत्य कोंपऱ्यांतील फ्रायबुर्ग या गांवीं गेलें पाहिजे. या गांवापासून जवळच ऱ्हाईन नदीच्या कांठीं व्यूल नांवाचें एक खेडें आहे. तेथें अणुशक्तीचें वीजगृह उभारण्याचें सरकारनें ठरविलें होतें. आसपासच्या टेंकड्यांवर द्राक्षांचे मळे. मळेवाल्यांना अशी धास्ती वाटली कीं, थंडाव्याच्या मनोऱ्यांतून निघणाऱ्या वाफेचें धुकें पसरेल, ऊन कमी होईल आणि द्राक्षें बिघडतील. १९७५ च्या फेब्रुवारींत शेतकरी, त्यांच्या बायका आणि फ्रायबुर्गचे विद्यार्थी यांनीं ती जागाच व्यापली. कित्येक महिने लोक तेथें बसून राहिले, खटले चालले, आणि अखेर तें वीजगृह झालेंच नाहीं. ऊन वांचविण्यासाठीं झालेलें हें भांडण. परंतु त्यांतून एक प्रश्न मागें उरला. हें वीजगृह नको म्हणतां, तर मग वीज आणणार कोठून? केवळ नकार देऊन दिवे लागत नाहींत, ही गोष्ट त्या गांवच्या विचारी लोकांना पुरेपूर उमगली होती. १९८१ सालीं त्याच शहरांत प्राध्यापक आडोल्फ गोएट्झबर्गर यांनीं सौरशक्तीच्या संशोधनासाठीं फ्राउनहोफर संस्थेची शाखा स्थापन केली. वादाचें उत्तर शोधण्याचें काम आतां प्रयोगशाळेंत सुरू झालें.

या संस्थेनें १९९२ सालीं फ्रायबुर्ग येथें जें घर बांधलें, तें विजेच्या तारेशीं मुळींच जोडलेलें नव्हतें. उन्हाळ्यांतील जादा विजेनें पाण्याचें विघटन करून हायड्रोजन वायु सांठवावयाचा आणि हिंवाळ्यांत त्याची पुन्हा वीज करावयाची, अशी योजना होती. हें घर सर्वस्वीं स्वावलंबी होतें. पण हा स्वावलंबनाचा सोस किती महाग पडतो, तेंहि त्यानेंच दाखवून दिलें. मॅसॅच्युसेट्सच्या टांकीचा आणि डोव्हरच्या मिठाचा धडा पुनः एकदां गिरविला गेला. एकट्या घरानें आपला उन्हाळा आपल्यापाशींच कोंडून ठेवावा, हें व्यवहारांत परवडत नाहीं.

मग परवडतें काय? जादा झालेलें दुसऱ्याला द्यावें आणि आपली निकड असेल तेव्हां त्याच्याकडून घ्यावें. खेड्यांत शेजारीण वाटीभर साखर उसनी नेते आणि आठवड्यानें परत करते, तसाच हा विजेचा देवघेवीचा व्यवहार. परंतु साखरेला कायदा लागत नाहीं, विजेला लागतो. तारा कंपनीच्या, मीटर कंपनीचा, आणि गृहस्थानें दिलेली वीज घ्यावी कीं न घ्यावी हेंहि कंपनीच्याच मर्जीवर. जर्मनीच्या संसदेंत दोन निरनिराळ्या पक्षांच्या सामान्य सभासदांनीं, पुराणमतवादी माटियास एंगल्सबर्गर आणि हरित पक्षाचे वोल्फगांग डॅनियल्स यांनीं, याविषयीं खटपट केली. त्यांतून झालेला कायदा १ जानेवारी १९९१ पासून अंमलांत आला. वारा, पाणी व ऊन यांपासून कोणीहि निर्माण केलेली वीज कंपन्यांनीं घेतलीच पाहिजे आणि तिचें ठराविक मोल दिलें पाहिजे, असें त्यानें ठरविलें. सौर विजेला हें मोल अपुरें होतें. २००० सालच्या नव्या कायद्यानें तें युनिटामागें ९९ फेनिग केलें आणि वीस वर्षांची हमी दिली. गृहस्थाला आतां पेढीकडून कर्ज काढून छपर बांधण्याचें धैर्य आलें. शिल्लक टाकणाऱ्या घराच्या इतिहासांत सौरघटाच्या शोधाइतकेंच या कायद्याचें महत्त्व आहे, असें मला वाटतें. आपल्या छपरावरचें ऊन विकण्याचा हक्क सामान्य कुटुंबाला मिळाला, ही गोष्ट लहान नव्हे.

याच सुमारास रोल्फ डिश हा फ्रायबुर्गचा वास्तुशिल्पज्ञ पुढें आला. १९९४ सालीं त्यानें स्वतःसाठीं 'हेलिओट्रोप' नांवाचें एक विलक्षण घर बांधलें. हेलिओट्रोप म्हणजे सूर्याकडे वळणारा. सूर्यफूलच म्हणा ना. एका भक्कम खांबावर उभें असलेलें हें लांकडी गोल घर सूर्याबरोबर हळूहळू फिरतें. त्याची एक बाजू काचेची व दुसरी बंदिस्त; थंडींत काचेची बाजू उन्हाकडे करावयाची आणि उकाड्यांत पाठ करावयाची. माथ्यावर ५४ चौरस मीटरचें सौरघटांचें शीड आहे. तें घरापासून स्वतंत्रपणें सूर्याच्या मागोमाग वळतें. त्याची शक्ति ६.६ किलोवॅट. हें घर आपल्या खर्चाच्या कित्येक पट वीज निर्माण करूं लागलें. पाहणाऱ्यांची रीघ लागली. पण फिरतें घर ही श्रीमंताची किंवा कलावंताची हौस. चार माणसांच्या संसाराला तें कसें परवडावें? हा आक्षेप खरा होता, आणि डिशनें त्याचें उत्तर तोंडानें न देतां विटा-लांकडांनीं दिलें.

फ्रायबुर्गच्या दक्षिणेस फ्रेंच सैन्याची एक छावणी होती. १९९२ सालीं सैन्य निघून गेलें व ती जागा शहराच्या ताब्यांत आली. व्होबां या नांवानें तेथें नवें उपनगर वसलें. व्होबां हा चौदाव्या लुईचा किल्ले बांधणारा इंजिनियर. फ्रायबुर्गचे तटहि त्यानें बांधले होते. त्याच्या नांवाच्या वस्तीलगत, श्लीअरबर्गच्या पायथ्याशीं, २००० नंतरच्या पांच-सहा वर्षांत डिशनें ५९ घरांची एक वसाहत उभी केली. हीं घरें फिरत नाहींत. लांकडी सांगाड्याचीं, रंगीबेरंगी, एकाला एक लागून असलेलीं तीं साधीं जोडघरें आहेत. ओळींमध्यें अंतर असें ठेविलें आहे कीं, हिंवाळ्यांतलेंहि ऊन प्रत्येक घराच्या दक्षिणेकडील खिडक्यांवर पडावें. खिडक्यांना तिहेरी काच आहे. उत्तरेची बाजू जाड अस्तराची आणि लहान खिडक्यांची. छपराचा मोठा उतार दक्षिणेकडे असून तो सगळाच्या सगळा सौर पॅनेलांचा आहे. म्हणजे पॅनेलें छपरावर ठेविलेलीं नसून तेंच छपर आहे. तें भिंतीच्या पुढें इतकें आलेलें आहे कीं उन्हाळ्यांत खिडक्यांवर सावली पडते. सॉक्रेटीसाची ओसरी येथें तेवीसशें वर्षांनीं पुन्हा भेटते. रस्त्याच्या कडेला 'सूर्यनौका' नांवाची एक लांबलचक इमारत आहे. खालीं दुकानें, वर कचेऱ्या, आणि माथ्यावर त्या ५९ पैकीं ९ घरें. मागच्या घरांना ती रहदारीच्या आवाजापासून आडोसा देते.

वुपरटाल विद्यापीठाच्या संशोधकांनीं पुढें या वसाहतीच्या मोजण्या केल्या, आणि वर्षाचा जमाखर्च एकंदरीनें शिल्लकींतच उतरतो असें त्यांस आढळून आलें. तेव्हां शिल्लक टाकणारें घर ही केवळ प्रयोगशाळेंतली चीज न राहतां मुलाबाळांच्या संसाराची जागा झाली.

परंतु, श्रोतेहो, जमाखर्चाची वही पाहतांना सावध माणूस केवळ शेवटची ओळ वाचीत नाहीं. मधल्या रकमाहि वाचतो. येथेंहि तसें केलें पाहिजे. ही शिल्लक वर्षाची आहे, दररोजची नव्हे. जूनमध्यें हीं घरें भरभरून वीज देतात. डिसेंबरांत दिवस लहान, आभाळ भरलेलें. तेव्हां तींच घरें रोज संध्याकाळीं तारेंतून वीज घेतात, आणि ऊब मिळते ती वस्तीच्या सामायिक उष्णताकेंद्रांतून. तेथें लांकडाच्या ढलप्या व वायु जळतात. उन्हाळ्यांतील देणें हिंवाळ्यांतील घेण्याशीं कागदावर वजा होतें. पण हिंवाळ्यांतल्या त्या रात्रीं वीज पुरविण्यासाठीं कोणाला तरी यंत्रें सज्ज ठेवावीं लागतात. सगळ्याच घरांनीं दुपारीं द्यावयाचें आणि संध्याकाळीं मागावयाचें ठरविलें, तर उसन्या साखरेचा व्यवहार फार वेळ चालणार नाहीं.

दुसरी गोष्ट अशी कीं, घर बांधतांनाच त्याच्यावर ऊर्जेचें एक कर्ज चढलेलें असतें. सिमेंट भाजावें लागतें, लोखंड वितळवावें लागतें, काच ओतावी लागते. हें कर्ज वहींत न धरतां शिल्लक काढणें म्हणजे घरावरचें गहाण विसरून नफा मोजण्यासारखें आहे. नॉर्वेंतील वास्तुशिल्पज्ञांनीं हें मनावर घेतलें. तेथील ट्रॉन्हाइम शहर विषुववृत्तापासून ६३ अंश उत्तरेस आहे. भर हिंवाळ्यांत तेथें सूर्य जेमतेम क्षितिजावर येतो. अशा ठिकाणीं स्नोहेटा या संस्थेनें आंखलेली 'पॉवरहाउस ब्राटोरकाया' ही कचेऱ्यांची इमारत २०१९ सालीं उघडली. तिच्या तिरप्या छपरावर आणि भिंतींवर मिळून सुमारें ३,००० चौरस मीटर पॅनेलें आहेत. त्यांपासून वर्षाला सुमारें पांच लक्ष युनिट वीज अपेक्षित धरली गेली. म्हणजे सरासरीनें रोजच्या खर्चाच्या दुपटीहून अधिक. गरमी-गारव्यासाठीं शेजारच्या समुद्राचें पाणी उपयोगांत आणलें आहे. या इमारतीचा हिशेब मांडतांना तिचें सामान तयार करण्याची, तिच्या बांधकामाची आणि पुढें कधीं काळीं ती पाडण्याचीहि ऊर्जा खर्चाच्या बाजूस धरली, हें विशेष. प्रामाणिक जमाखर्च म्हणतात तो हा.

आतां साहजिकच प्रश्न येतो : या सगळ्याचा आपल्याशीं काय संबंध? आपल्याकडेहि नवी दिल्ली येथें २०१४ सालीं पर्यावरण मंत्रालयाचें 'इंदिरा पर्यावरण भवन' झालें, आणि त्याच्या छपरावर ९३० किलोवॅटचीं पॅनेलें बसलीं. वर्षाचा जमाखर्च बरोबरींत यावा हें त्याचें ध्येय होतें. महाराष्ट्रांत वीज नियामक आयोगानें २०१५ सालीं छपरावरच्या विजेची दिलीघेतली वजावट करण्याचे नियम केले. नेट मीटर हें नांव तेव्हांपासून आपल्या घरांत रुळूं लागलें. २०२४ सालीं केंद्र सरकारनें एक कोटि घरांसाठीं सूर्यघर योजना जाहीर केली. म्हणजे फ्रायबुर्गच्या गृहस्थाला जो हक्क मिळाला, त्याच्यासारखा हक्क निराळ्या स्वरूपांत आपल्यापर्यंत आलेला आहे.

आपली स्थिति कांहीं बाबतींत त्यांच्याहून बरी आहे. आपल्याकडे एक किलोवॅटच्या पॅनेलांपासून साधारणपणें दिवसाला चार युनिट मिळतात, व त्यांना शंभरएक चौरस फूट जागा पुरते. जर्मनाला ऊब हवी असते तेव्हां सूर्य नसतो. आपणांस गारवा हवा असतो तेव्हां सूर्य माथ्यावर असतो. वैशाखांतली गरज आणि वैशाखांतलें उत्पन्न एकाच वेळीं येतें. आपला पडता काळ हिंवाळा नव्हे, पावसाळा. पण आषाढ-श्रावणांत थंडाव्याची गरजहि उतरते. अडचण आहे ती वेगळीच. बंगल्याचें छपर एका कुटुंबाचें असतें. वीस मजली इमारतीचें छपर वीस मजल्यांत वांटावें लागतें, आणि वांट्याला येतो तो हातरुमालाएवढा तुकडा. तेथें शिल्लक दूरच, पाण्याचे पंप, जिन्यावरचे दिवे आणि लिफ्ट एवढें चाललें तरी पुष्कळ झालें.

म्हणूनच रेजायनाच्या घराचा धडा आपणांस अधिक उपयोगाचा आहे. समजा, छपरावर तीन किलोवॅटचीं पॅनेलें आहेत. दिवसाला बारा युनिट मिळालीं. दीड टनाचें एक वातानुकूलन यंत्र आठ तास चाललें तर त्यांतलीं आठ-दहा तेंच गिळून टाकतें. पश्चिमेच्या भिंतीवर सावली केली, गच्चीवर पांढरा लेप दिला, समोरासमोरच्या खिडक्या उघड्या ठेविल्या आणि ७५ वॅटच्या जुन्या पंख्याऐवजीं ३० वॅटचा नवा पंखा लाविला, तर तीच बारा युनिटें दुप्पट वाटतात. आपल्या पूर्वजांच्या वाड्यांत जाड भिंती, चौक आणि पडव्या उगीच नव्हत्या. त्यांना ऊर्जा हा शब्द ठाऊक नसेल; उन्हाशीं वागावें कसें हें मात्र ठाऊक होतें.

१९३९ पासूनच्या या हकीकतींत आपण एक गोष्ट वारंवार पाहिली. ज्या घरानें सगळें ऊन आपल्याजवळच सांठवूं पाहिलें, त्याला तें झेपलें नाहीं. ज्यानें आधीं आपली गळती थांबविली आणि मग जादा झालेलें शेजाऱ्याला दिलें, तें टिकलें. उद्यां आपल्या छपरावर पॅनेलें बसविण्याचा विचार आपण करीत असाल तर अवश्य करा. पण बसविणाऱ्याला बोलावण्यापूर्वीं एकदां भर दुपारीं आपल्या घरांतून फिरून या. कोणती भिंत तापते, कोणती खिडकी उगाच बंद असते आणि कोणतें यंत्र माणूस नसतांना चालतें, तें पहा. घराच्या शिल्लकीची पहिली रक्कम तेथेंच सांपडेल. आणि तिच्यासाठीं छपर, कर्ज किंवा कायदा यांपैकीं कशाचीहि वाट पाहावी लागत नाहीं.